जांभळाखालच्या चपला

१

घरफोडीच्या तक्रारी मी नोकरीत इतक्या लिहून घेतल्या की झोपेतसुद्धा लिहिल्या असत्या. घरच चोरीला गेल्याची तक्रार मात्र एकदाच आली.

साल त्र्याहत्तर, मे महिना संपत आलेला. मी तेव्हा खालापूरला फौजदार होतो. सकाळचा चहा नुकता बशीत ओतला होता, तेवढ्यात मोघे मास्तर दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर ओला पंचा, हातात पितळी तांब्या.

"फौजदारसाहेब, माझं घर गेलं."

"गेलं म्हणजे? जळालं?"

"कुणीतरी चालवत नेलं."

चहा बशीतच राहिला. मास्तरांचं घर म्हणजे एक जुनी बेडफर्ड मोटार. एके काळी ती खेडोपाडी सरकारी सिनेमे दाखवत हिंडायची. पुण्याच्या शाळेतून चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर मोघ्यांनी ती लिलावात घेतली, आत पलंग, स्टोव्ह, मांडणी बसवली आणि बायकोला घेऊन निघाले. कुठे, ते कधीच ठरलेलं नसायचं. रस्त्याला फाटा आला की शेजारी बसलेल्या वत्सलाबाई म्हणायच्या, "डावीकडे", नाहीतर "उजवीकडे", आणि मास्तर निमूट तिकडे वळायचे. असे ते कित्येक वर्षं हिंडले. दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. मास्तर एकटेच हिंडत राहिले आणि त्या उन्हाळ्यात कुंभिवलीच्या फाट्याशी येऊन जे थांबले ते थांबलेच. सखा आणि गौराबाई या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरापुढे भात झोडायचं खळं होतं. तिथल्या जांभळीखाली गाडी महिनाभर उभी होती.

"मी नदीवर आंघोळीला गेलो होतो," मास्तर सांगू लागले. "परत येऊन बघतो तर जांभळीखाली काही नाही. किल्ली आत खिळ्याला टांगलेली असते. कुणीही उचलावी."

"आत काय काय होतं?"

"वत्सलेच्या पातळांचे पडदे होते. तिनं डब्यात लावलेली तुळस होती मागच्या खिडकीत. तिला रोज पाणी लागतं हो." त्यांनी तांब्या छातीशी धरला. "गाडीची किंमत भंगाराची आहे, साहेब. पण पुण्यातलं बिऱ्हाड आम्ही मोडलं होतं. तिचं म्हणून माझ्याकडे दुसरं काहीच नाही."

मला गलबलून आलं. पण फौजदाराने गलबलायचं नसतं, म्हणून मी उगाच दौत सरळ केली.

"चोराचं काही मागे राहिलं का?"

"चपला," मास्तर म्हणाले. "गाडीची पायरी यायची तिथे एक जोड होता. मला वाटलं माझ्याच. मग पाहिलं तर माझ्या पायांत होत्या."

"कशा होत्या? काळ्या? तांबड्या?"

मास्तर चष्मा काढून पुसू लागले. बराच वेळ पुसला.

"घाईत नीट पाहिलं नाही."

ज्याने जन्मभर पोरांना रंग शिकवले, त्याला पायाशी पडलेल्या चपलेचा रंग सांगता येईना. माणूस खोटं बोलत होता, की आणखी काही होतं?

२

खळ्यात पोचलो तर चपला नव्हत्या.

"इथेच होत्या," मास्तर म्हणाले आणि हाताने हवेत जागा दाखवली. जमिनीवर गाडीच्या महिनाभराच्या सावलीचा लांबट डाग होता, टायरच्या खुणा होत्या आणि पिकलेल्या जांभळांचा नुसता चिखल झाला होता. वर बघितलं तर आणखी एक फळ टपकन माझ्या टोपीवर पडलं. म्हणजे मास्तर ठाण्यावर येऊन मला घेऊन जाईपर्यंत कुणीतरी त्या चपला उचलल्या होत्या.

गौराबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ओटा लख्ख सारवलेला, हंडे घासून पालथे घातलेले. अंगणात मात्र जांभळीचा पाला आणि कोंबड्यांनी उकरलेला कोंडा तसाच पसरला होता.

"काय पाहिलंस का, गौराबाई?"

"मी काय बघनार सायब? गुरांकडं होते. मास्तर रोज सकाळी गाडी सुरू करून ठेवत्यात, तसाच आवाज आला. कोन ध्यान देतंय?"

"आणि सखा?"

"ताप हाय त्यानला. आत निजलेत."

सखा हा या रस्त्यावरचा जुना ट्रक ड्रायव्हर. घाटात ट्रक उलटला तेव्हापासून त्याचा डावा गुडघा वाकत नव्हता. दिवसभर तो शेजारी काठी ठेवून ओट्यावर बसून हमरस्त्यावरच्या गाड्या बघायचा. त्याला त्रास कशाला द्यायचा म्हणून मी आत डोकावलो नाही. ही माझी पहिली चूक.

लडकू शिपायाला मी ठाण्यावर पाठवून दोन्हीकडे फोन करायला लावलं होतं. तो सायकल हाणत आला. घाटाच्या पायथ्याचा हवालदार म्हणाला, अशी गाडी वर चढली नाही. पनवेलच्या वाटेवरचा म्हणाला, इकडे आली नाही. एवढं धूड मधल्या मधे गेलं कुठे?

"सायब," लडकू हळूच म्हणाला आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

तिकडे जयवंताची वखार होती. मुंबईच्या तबेल्यांना पेंढा पुरवणारा जयवंता. त्याच्या वखारीपुढे पेंढ्याची नवी गंज उभी होती, आणि ती बरोबर एका बेडफर्डच्या लांबीची होती.

३

"खुपसा बांबू, खुपसा!" जयवंता कमरेवर हात ठेवून म्हणाला. "आत मोटार निघाली तर मी पेंढा खाईन."

आम्ही बांबूने ती गंज सगळीकडून भोसकली. खुडूक बसलेली एक कोंबडी तेवढी ओरडत बाहेर पडली. वखारीतले हमाल तोंडावर फडकी धरून हसले. माझी पुरती शोभा झाली.

"पण तुला गाडी हवी होती," मी म्हणालो.

"हवी होती, हाय, आनि मिळाली तर उद्याबी घेईन. आतलं ते सामान काढून टाकलं की पेंढा किती मावंल! मागं एकदा चढून मापं पन घेतली. तर मास्तर माझ्या बुटांवर असे खेकसले, जसा काय मी देवघरात शिरलो. अवो, मोटारीत कोन जोडे काढतं?"

दुसरा संशयित मास्तरांचा पुतण्या श्रीपाद. तो काकांना पुण्याला न्यायला आला होता आणि खोपोलीत उतरला होता. चहाच्या दुकानात गाठला.

"एका अर्थी बरंच झालं," तो म्हणाला. "आता तरी काका घरी येतील. या वयात त्या खटाऱ्यात राहतात, लोक आम्हाला नावं ठेवतात. मीच विकणार होतो तो खटारा जयवंताला. पण मी नेईन कसा? मला सायकलसुद्धा धड येत नाही. आणि सकाळपासून मी इथे आहे, विचारा."

दुकानदाराने मान डोलावली. पोहे दोनदा झाले होते.

तिसरा भिवाजी. साजगावच्या कारखान्यात फिटर. मास्तरांच्या गाडीचं इंजीन त्याच्याच हाताखालून जायचं. परवाच त्याने बॅटरी ठीक केली होती आणि गौराबाईच्या ओट्यावर बसून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "आता ही कन्याकुमारीला जाईल."

"मग मास्तर का गेले नाहीत?" मी विचारलं.

भिवाजीने हात पुसले. "तेच कळत नाय. रोज इंजीन चालू करत्यात, चाकावर हात ठेवून बसत्यात, बंद करत्यात. गाडीत कायसुदिक दोष नाय, सायब."

"ती गाडी आणखी कुणाला चालवता येईल?"

"ती जुनी गाडी हाय, गियर लई हट्टी. आजकालच्या पोरांचं काम नाय. आमच्या सखाकाकानं चालवली असती. गाडीनं चाल धरली की त्यो क्लचला पाय लावत नव्हता, नुसत्या आवाजावर गियर टाकायचा." त्याने सुस्कारा टाकला. "पन सुरुवातीला तरी क्लच दाबाया डावा पाय लागतोच. आनि घाटात तर पदोपदी लागतो."

मी निराश होऊन परत खळ्याकडे आलो. ऊन माथ्यावर आलं होतं. मास्तर जांभळीखाली, गाडीच्या रिकाम्या जागेशेजारी, दगडावर बसले होते. शेजारची सोनुबाई केरसुणी घेऊन अंगणात वाकली होती, तर गौराबाई ओट्यावरून ओरडली, "राहू दे गं! मी काढंन मागनं."

सोनुबाईने केरसुणी ठेवली आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले. "सकाळधरनं हेच चाललंय हिचं."

४

जेवायला घरी आलो. जेवण गेलं नाही. परत निघायला उठलो, उंबरा ओलांडला, तर लडकूने मागे केरसुणी उचलली.

"ठेव ती!" मी ओरडलो. का ओरडलो ते मलाच कळलं नाही.

मग कळलं, आणि मी उंबऱ्यावरच बसलो.

माझी बायको विमल. मी बंदोबस्ताला निघालो की ती मागे केरसुणीला हात लावू द्यायची नाही. माणूस गावाला निघाला की लगेच केर काढू नये, तो सुखरूप पोचू द्यावा, नाहीतर परत यायचा नाही, असं तिचं म्हणणं. मी खूप हसायचो. तिचीच अंत्ययात्रा निघाली तेव्हा मागे राहिलेल्या बायकांनी लगेच सगळं घर झाडून काढलं. रीतच आहे ती. जो परत यायचा नसतो त्याच्यामागे झाडतात. केरसुणीचा तो आवाज मी खांदा देऊन चालताना ऐकला होता आणि तो माझ्या कानांतून अजून गेलेला नाही.

गौराबाईचा ओटा सारवलेला होता, हंडे घासलेले होते, आणि अंगणाला दुपारपर्यंत केरसुणी लागली नव्हती.

मी धावतच कुंभिवली गाठली. गौराबाई ओट्यावरच होती. तिच्या मागे भिंतीशी चपलांचा एक जोड ठेवला होता. मी वाकून उचलला. उजवीचा तळ झिजून कागद झालेला, डावीचा जवळपास नवा. आणि दोन्हींच्या आत, जिथे पाऊल टेकतं तिथे, जांभळाचे ताजे डाग.

"गौराबाई, ही चप्पल सखाची ना?"

ती तांदूळ निवडतच राहिली.

"चपलेत पाय असता तर जांभूळ आत पडलं नसतं. ही आज सकाळी जांभळीखाली रिकामी उभी होती. मास्तर ठाण्यावर येताच तू ती उचललीस. आता सांग, रोज ओट्यावर असते ती सखाची काठी कुठे आहे? तापाने निजलेला माणूस काठी पोटाशी घेऊन निजत नाही."

मास्तर चाचपडत जवळ आले होते. श्रीपादही खोपोलीहून येऊन ठेपला होता.

"पण त्या लंगड्याला गाडी चालवता येणार कशी?" श्रीपाद म्हणाला.

"क्लच काठीने दाबला त्याने. निघताना एकदा दाबला की पुढे तो आवाजावर गियर टाकतो, भिवाजीनेच सांगितलं. म्हणूनच तो घाटाकडे गेला नाही. आणि मास्तर, मला सकाळीच कळायला हवं होतं. जयवंता गाडीत बुटांसकट चढला, कारण त्याला ती मोटार वाटते. तुमचा पुतण्या तिला खटारा म्हणतो. ज्याने ती नेली तो पायरीशी चपला काढून आत गेला. इतक्या लोकांत तिला घर समजणारा हा एकच माणूस, आणि चोर तोच."

गौराबाईच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि तांदूळ अंगणातल्या पाल्यावर सांडले.

५

"चोर नका म्हनू, सायब," ती म्हणाली. "परत येतो म्हनून गेलेत."

"कुठे गेलाय?"

"कुठंच नाय."

"गौराबाई, मी काय विचारतोय—"

"तेच सांगते!" ती एकदम रडू लागली. "जनमभर गाडी हाकली, पन समदी दुसऱ्यानं सांगितलेल्या गावाला. माल रसायनीला न्या, माल पुन्याला न्या. मास्तर रोज सांजचं सांगायचे, आमी असे निघायचो, कुठं जायाचं ते ठावंच नसायचं. ह्ये लहान पोरावानी ऐकायचे. काल रातच्याला म्हनले, गौरा, एकदा तरी कुठंच जायाचं नाय असं जाऊन येतो गं, मरायच्या आधी. मी कशी नाय म्हनू? आठ वरसं त्या मानसानं रस्त्याकडं बघून काढली."

"मला विचारायचं होतं," मास्तर म्हणाले.

"तुमी नाय म्हनला असता तर? मग परत कसं मागायचं?"

श्रीपाद तडकला. "साहेब, तक्रार लिहून घ्या. काका, सही करा. मोटार सापडली की विकू आणि पुण्याला जाऊ."

मी वही उघडली खरी. पण आयुष्यात पहिल्यांदा मला कळेना की तपास कसा करायचा. पळणारा माणूस कुठेतरी जात असतो, म्हणून सापडतो. ज्याला कुठेच जायचं नाही त्याचा माग कुठल्या रस्त्यावर काढायचा? आणि काठीच्या जोरावर निघालेला माणूस एखाद्या उतारावर, एखाद्या बैलगाडीपुढे अडकला तर? मास्तरांचं घर आणि गौराबाईचा नवरा, दोन्ही एकाच खड्ड्यात जाणार होते.

"दिवेलागणीपर्यंत थांबू," मास्तर म्हणाले. "मग सही करतो."

आम्ही थांबलो. ऊन उतरलं. हमरस्त्यावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक आवाजाला गौराबाई उठून उभी राहत होती. सूर्य डोंगराला टेकला तसा तिच्या जिवाचा नुसता कोंडमारा झाला. दिवा लागल्यावर केर काढायचा नसतो, घरातली लक्ष्मी जाते. आणि आता काढावा तर माणूस वाटेत. तिने केरसुणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी ती कोपऱ्यात फेकून अंगणाच्या मधोमध पाल्यात बसली.

"जाऊ दे लक्ष्मी," ती म्हणाली. "काय करायची हाय?"

तेव्हाच मास्तरांनी मान वर केली. "आली."

आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मग चौक गावाच्या बाजूने ती जुनी घरघर हळूहळू आमच्याही कानांवर आली. बेडफर्ड खळ्यात वळली, दोन गचके खाऊन जांभळीखाली आपल्या जागेवर उभी राहिली, आणि दारातून आधी काठी आणि मग सखा अनवाणी खाली उतरला. चेहरा धुळीने माखलेला होता आणि त्यावर असं काही समाधान होतं की मी वही मिटली.

त्याने हात जोडले. "मास्तर, चुकलो. काय शिक्षा ती द्या. पलंगावर बसलो नाय, बाईंच्या सीटवर बी बसलो नाय. कर्जतच्या रस्त्याला गेलो, नदीकडंला थांबलो, परत आलो. तुळस उन्हानं मलूल झालेली, तिला तेवढं पानी घातलं."

मास्तर हात पुढे धरून गाडीत चढले. बाहेर आले तेव्हा बोटांना ओली माती लागली होती.

"श्रीपाद," ते म्हणाले, "सही होणार नाही."

"अहो पण काका—"

"मास्तर," मी मधे पडलो, "एक गोष्ट राहिली. चपलांचा रंग कोणता?"

ते हसले. सकाळपासून पहिल्यांदाच. "तुम्हाला कळलं म्हणायचं. मोतीबिंदू आहे, साहेब, दोन्ही डोळ्यांत. रस्ता दिसत नाही. डोळ्यांचं सांगितलं असतं तर या श्रीपादने उचलून पुण्याला नेलं असतं. आणि खरं सांगू? थोडंफार दिसत होतं तेव्हाही मी या फाट्यावर अडलो होतो. डावीकडे की उजवीकडे, सांगणारं कोणी नव्हतं."

गौराबाईने भिंतीशी ठेवलेल्या चपला आणून सखाच्या पायाशी ठेवल्या. अंधार पडत होता. मला वाटतं सगळं त्याच वेळी ठरलं.

भिवाजीने क्लचला हाताने ओढायचा दांडा बसवून दिला. गुरं सोनुबाईने आपल्या गोठ्यात बांधली. श्रीपाद तणतणत पुण्याला गेला, तरी जाताना काकांसाठी घोंगडी ठेवून गेला. आणि एका सकाळी सखा चाकावर बसला, मास्तर मागे तुळशीपाशी बसले, आणि गौराबाई बोचकं घेऊन मागच्या पायरीशी चपला काढू लागली.

"तिकडे नाही," मास्तर आतून म्हणाले. "पुढे बसा, सखाच्या शेजारी. तिथे बसणाऱ्याने दिशा सांगायची असते."

"मला काय कळतंय मास्तर? मी खोपोलीच्या पुढं गेले नाय कधी."

"वत्सलाही निघण्याआधी कधी पुण्याबाहेर गेली नव्हती."

तिने चपला उचलून हातात घेतल्या आणि पुढे जाऊन बसली. गाडी फाट्यापर्यंत गेली आणि थांबली. इंजीन घरघरत होतं. मी, भिवाजी, सोनुबाई खळ्यातून बघत होतो. तिकडून बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग खिडकीतून गौराबाईचा बांगड्यांचा हात बाहेर आला आणि डावीकडे वळला. गाडी त्या बाजूला गेली आणि झाडांआड दिसेनाशी झाली.

मला त्या गाडीमागे धावत जावंसं वाटलं. विमलला घेऊन मी कधी कुठे गेलो नाही. बदली होईल तिथे तिला नेलं, एवढंच. तिने कधी डावीकडे म्हटलं असतं तर मी वळलो असतो का, कोण जाणे.

मागे खसखस आवाज आला. सोनुबाईने केरसुणी काढली होती आणि पहिला फराटा मारायला ती वाकली होती.

"राहू दे," मी म्हणालो. "माणसं आत्ताच निघालीत."